नदीपार गेलेली अर्धी पदवी

एका जंगलात, जिथे वाघालासुद्धा शिकारीच्या नोकरीसाठी पदवी दाखवावी लागत असे, दोन विद्यापीठं होती. मधून नदी वाहत होती. अलीकडे दक्षिणतीर विद्यापीठ, पलीकडे उत्तरतीर विद्यापीठ.

बाळांनो, एवढ्या जवळजवळ दोन विद्यापीठं कशाला, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. असले प्रश्न विचारणाऱ्यांना दोन्हीकडे प्रवेश नाही.

दोन्ही विद्यापीठांचं एकमेकांविषयी मत एकच होतं. पलीकडे शिक्षण नाही, नुसती झाडं आहेत. या बाबतीत दोघांचंही बरोबर होतं.

दक्षिणतीराला बकुळा नावाची एक सायाळ शिकत होती. विषय हिशेबशास्त्र. अर्धी पदवी झाली होती, अर्धी राहिली होती. आता हिशेबशास्त्र म्हणजे काय, तर मोहफुलं कोणी आणली, कोणी नेली आणि मधल्या मध्ये कुठे गेली, हे लिहून ठेवायचं शास्त्र. जंगलात मधल्या मध्ये जाणाऱ्या मालाचंच प्रमाण जास्त. त्यामुळे या शास्त्राला मोठी मागणी होती.

बाकीचे विद्यार्थी मागणी बघून आले होते. बकुळा मात्र वेडी होती. तिला तो विषय आवडायचा. आलं-गेलं मांडून शेवटी दोन्ही बाजू जुळल्या, की तिच्या पाठीवरचे काटे आपोआप खाली बसत. नाही जुळल्या तर ती जेवत नसे. चूक सापडेपर्यंत उपाशी. वर्गातल्या माकडांना याचं फार हसू येई. ती माकडं न जुळणारा सगळा माल ‘किरकोळ’ या सदरात टाकत आणि आंबे खायला जात. पुढे ती फार मोठ्या पदांवर गेली, पण तो या गोष्टीचा विषय नाही.

शिकवायला प्राध्यापक होते. ते बहुधा सभेत असत. सभा नसली, तर पुढची सभा कधी घ्यायची याची सभा असे. बकुळा जुनी पुस्तकं घेऊन ऐनाच्या झाडाखाली बसे आणि आपली आपण शिके. दरवर्षी ती दुसरी येई. पहिला कोणातरी प्राध्यापकांचा भाचा येई. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिच्या बाजू जुळत होत्या.

एके दिवशी सकाळी एक धनेश पक्षी नदीपलीकडून निरोप घेऊन आला.

“तुझ्या आईला दिसेनासं झालंय,” तो म्हणाला. “काल आपलं बीळ समजून ती तरसाच्या गुहेत शिरली. तरस नुकताच जेवला होता म्हणून बरं.”

बकुळाची आई, अनसूया, उत्तरतीरावर एकटीच राहत होती. बकुळाने पुस्तक मिटलं.

“आईने काय सांगितलंय?”

“येऊ नकोस म्हणाली. अभ्यास कर म्हणाली.”

“म्हणजे ये, असंच ना?”

“आयांच्या निरोपांचा अर्थ लावायला मी काही पंडित नाही,” धनेश म्हणाला. “पण बोलताना रडत होती एवढं खरं.”

बकुळाने विचार केला. उत्तरतीरालाही हिशेबशास्त्र आहे. तिथेही मोहफुलंच आहेत. उरलेली पदवी आपण तिकडे जाऊन पूर्ण करू. सकाळी वर्ग, संध्याकाळी आई. बेरीज काही नदीला घाबरत नाही.

बिचारीला हिशेबशास्त्र येत होतं. विद्यापीठशास्त्र येत नव्हतं.

ती अर्ज घेऊन कुलसचिवांकडे गेली. कुलसचिव होते घोरपडराव. घोरपड एकदा जिथे चिकटते तिथून हलत नाही, हे तुम्ही ऐकलंच असेल. घोरपडरावांना दोर बांधून कोणी ओढलं असतं, तर ते खुर्चीसकट आले असते.

“का जायचंय?” त्यांनी विचारलं.

“आईला दिसत नाही, साहेब.”

“मग आईने इकडे यावं. नियम विद्यार्थ्याच्या डोळ्यांबद्दल आहेत. पालकांच्या डोळ्यांबद्दल नियम नाही.”

“साहेब, ती म्हातारी आहे. तिला नदी ओलांडता येणार नाही.”

घोरपडरावांनी जीभ बाहेर काढून हवेचा अंदाज घेतला. हवेत काही खाण्यासारखं नव्हतं. ते नाराज झाले. “ठीक आहे. ग्रंथालयाचं ना-हरकत आण. वसतिगृहाचं आण. जलतरण विभागाचं आण.”

“जलतरण? मी तर कधी पाण्यात उतरलेच नाही.”

“म्हणूनच. उतरली असतीस तर तू बुडालीस की नाही ते आम्हाला कळलं असतं. आता तसं लिहून आणावं लागेल.”

बकुळाने सगळं आणलं. जलतरण विभागात एक म्हातारं पाणमांजर ऊन खात पडलं होतं. त्याने तिला खालून वर पाहिलं आणि म्हणालं, “कोरडी दिसतेस. हरकत नाही.” साऱ्या विद्यापीठात समोर बघून उत्तर देणारं तेवढं एकच माणूस, म्हणजे पाणमांजर, तिला भेटलं.

घोरपडरावांनी कागद घेतले. “तुझं नाव कमी करतो,” ते म्हणाले. मग थोडे उठले, अर्ज बुडाखाली सरकवला आणि पुन्हा बसले. खुर्ची त्यांना जरा खोल होत होती. आता बरी झाली. बकुळाच्या हातात त्यांनी एक तात्पुरता दाखला दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘सदर सायाळ आमच्याकडे होती असे समजण्यास हरकत नसावी.’

बाहेर रांगेत उमाजी कोल्हा उभा होता. तो बकुळाच्याच वर्गात होता, असं हजेरीपट म्हणत असे. उमाजी आजवर एकाही विषयात पास झाला नव्हता. तो उत्तरपत्रिकेत शेजाऱ्याचं बघून लिहायचा, आणि इतकं इमानेइतबारे लिहायचा, की एकदा नावाच्या जागीसुद्धा त्याने ‘बकुळा’ असंच लिहिलं होतं.

“तू कशाला पलीकडे चाललास?” बकुळाने विचारलं.

“इथे मला सगळे ओळखतात,” उमाजी म्हणाला. “प्रगती होत नाही.”

नदीवर एक सावरीचं झाड आडवं पडलं होतं. त्यावरून दोघं पलीकडे गेली. बकुळाच्या पाठीवर पुस्तकं होती. उमाजीच्या पाठीवर ऊन होतं.

उत्तरतीर विद्यापीठात समकक्षता समितीच्या प्रमुख होत्या टिटवीबाई. टिटवी झोपताना पाय वर करते, आभाळ अंगावर पडू नये म्हणून. टिटवीबाई जागेपणीही पाय वर करूनच असत. आभाळाचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी विद्यापीठाचा दर्जा सावरून धरला होता.

आधी उमाजीचा नंबर लागला.

“तिकडे काय शिकलास?” टिटवीबाईंनी पाय न हलवता विचारलं.

“काही नाही, बाई.”

“काहीच नाही?”

“देवाशपथ.”

“मग हरकत घेण्यासारखं काही दिसत नाही,” टिटवीबाई म्हणाल्या. “तुला तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. पुढे.”

बकुळाला वाटलं, याला तिसरं वर्ष, तर आपलं सोपंच आहे. तिने पुढे होऊन पुस्तकं मांडली.

“मी कीर्द शिकले, बाई. खतावणी शिकले. घसारा शिकले. म्हणजे जुन्या वस्तूंची दरवर्षी होणारी घट कशी मांडायची, ते.”

टिटवीबाईंचे पाय जरासे थरथरले. “तिकडे जमा कुठल्या बाजूला लिहितात?”

“उजव्या.”

“आमच्याकडे डाव्या. म्हणजे तू आजवर लिहिलेलं सगळं उलटं आहे.”

“बाई, बाजू बदलली तरी शिल्लक तीच राहते.”

“हा तिकडचा समज. आणि हे घसारा काय? आमच्याकडे घसारा नाही. आमच्याकडे ‘झीज’ आहे, आणि ती तिसऱ्या वर्षी शिकवतात. तू दुसऱ्याच वर्षी कशी शिकलीस?”

“घसारा आणि झीज एकच आहे, बाई.”

“एकच असतं तर दोन नावं कशाला असती?”

या प्रश्नाला उत्तर नसतं. कोणाकडेच नसतं. म्हणून तर असे प्रश्न समितीवरचे लोक पाठ करून ठेवतात.

“शिवाय तू ‘उत्तरतीराचा उज्ज्वल इतिहास’ शिकलेली नाहीस. तो पहिल्या वर्षी सक्तीचा आहे,” टिटवीबाई म्हणाल्या. “तुझं जे झालंय ते आमच्याकडे होत नाही, आणि आमच्याकडे जे होतं ते तुझं झालेलं नाही. पहिल्या वर्षापासून बस.”

“बाई, माझी अर्धी पदवी झालीय हो!”

“तीच तर अडचण आहे, मुली. त्या कोल्ह्याकडे बघ. किती कोरी पाटी!”

उमाजी दारात उभा राहून नम्रपणे शेपूट हलवत होता.

बकुळा आईच्या बिळात राहायला गेली. अनसूयाबाईंनी तिला चाचपून ओळखलं आणि आधी रागावून घेतलं. “कशाला आलीस? शिक्षण सोडून?” मग तिच्या नाकाला नाक लावून बराच वेळ बसून राहिल्या.

बकुळा पहिल्या वर्षात बसू लागली. वर्गात सशाची पिल्लं होती, मोराचा एक अतिशहाणा मुलगा होता, आणि बाकावर न मावणारी बकुळा होती. पिल्लं तिला ‘काकू’ म्हणत. संध्याकाळी आई विचारायची, “आज काय शिकलीस?”

“बेरीज.”

“अगं, ती तुला येत होती की.”

“ती तिकडची, आई.”

“नदी ओलांडली म्हणून मी काही तुझी मावशी झाले नाही,” आई म्हणाली. “बेरीज कशी बदलेल?”

बकुळालाही तेच कळत नव्हतं. पण ती शिकली. जमा डाव्या बाजूला लिहायची सवय तिने हाताला लावून घेतली. घसाऱ्याला झीज म्हणायला लागली. उज्ज्वल इतिहासही पाठ केला. त्यात उत्तरतीराने दक्षिणतीराला हरवलेल्या लढायांची नावं होती. त्यातली एकही दक्षिणतीराच्या कोणाला माहीत नव्हती.

वर्षाअखेरीला परीक्षा झाली. उज्ज्वल इतिहासात बकुळा पहिली आली. हिशेबशास्त्रात नापास झाली.

ती टिटवीबाईंकडे धावली. टिटवीबाईंनी नमुना उत्तर दाखवलं. उत्तरतीरात सगळ्या वर्गांना दरवर्षी तोच प्रश्न येई आणि त्याच नमुना उत्तरावरून पेपर तपासत. विद्यापीठ सुरू झालं तेव्हा कोणीतरी ते उत्तर लिहिलं होतं. घाईत लिहिलं असावं. त्यात मधेच एका ठिकाणी बेरीज चुकली होती, आणि ती जुळवण्यासाठी खाली कुणीतरी हळूच एक टोपलीभर आवळे घुसडले होते.

“बाई, उत्तर चुकलंय,” बकुळा म्हणाली.

“तुझं. माहीत आहे.”

“माझं नाही. विद्यापीठाचं. हे आवळे कुठून आले? प्रश्नात आवळे नाहीतच.”

टिटवीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक पाय खाली घेतला. “या आवळ्यांवर आमच्या कितीतरी पिढ्या पास झाल्या,” त्या थंडपणे म्हणाल्या. “मी याच आवळ्यांवर पास झाले. विद्यापीठाचं उत्तर चुकत नसतं, मुली. फार तर प्रश्न चुकतो.”

त्या दिवशी बकुळा जेवली नाही. आईनेही जेवायला नकार दिला, कारण दिसत नसलं तरी शेजारचं कोणी जेवत नाही हे कळतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात तो धनेश पुन्हा आला. या वेळी ओरडतच आला.

“अगं बकुळे, पहिली आलीस की! दक्षिणतीरात, शेवटच्या वर्षात, सगळ्या तुकडीत पहिली! पदवीदानाला बोलावलंय.”

“काहीतरीच काय! मी तिथे नव्हतेच.”

“ते मला माहीत नाही. फलकावर तुझं नाव सगळ्यात वर आहे.”

आईला आनंद झाला. बकुळाच्या पाठीवरचे काटे मात्र उभे राहिले. जी बाजू जुळायला नको ती जुळली, की हिशेब येणाऱ्याला भीती वाटते. चूक दुरुस्त करून यावी म्हणून ती सावरीच्या खोडावरून पुन्हा पलीकडे गेली.

घोरपडराव जिथल्या तिथेच होते. त्यांनी तिला कुलगुरूंकडे नेलं, म्हणजे त्या खोलीकडे बोट केलं. कुलगुरू गवा होते. गवा हा मोठा भव्य प्राणी. लांबून पाहिलं तर गहन विचारात दिसतो. जवळ गेलं की कळतं, रवंथ चाललंय.

“महाराज, मी इथे नव्हते,” बकुळा म्हणाली.

“हजेरीपट म्हणतो होतीस,” कुलगुरू म्हणाले.

“मी परीक्षा दिली नाही.”

“निकाल म्हणतो दिलीस.”

“माझं नाव कमी करायचा अर्ज मी दिला होता. घोरपडरावांना विचारा.”

“अर्ज माझ्याकडे आहे,” शेजारच्या खोलीतून घोरपडराव म्हणाले. “मी त्यावर बसलो आहे. निर्णय व्हायचाय.”

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. नाव कमी झालं नव्हतं, म्हणून हजेरी लागत राहिली. हजेरी होती, म्हणून परीक्षेला नाव गेलं. उत्तरपत्रिका सापडेना. ती हरवली असं ठरलं, कारण विद्यार्थिनीच हरवलीय असं म्हटलं असतं तर चौकशी लागली असती. उत्तरपत्रिका नव्हती, त्यामुळे तीत चुका सापडल्या नाहीत. चुका नाहीत, म्हणून पहिली.

“इथे शिकत होतीस तेव्हा दुसरी यायचीस,” कुलगुरूंनी कौतुकाने मान डोलावली. “प्रगती आहे.”

“महाराज, हे खोटं आहे. रद्द करा.”

गव्याचं रवंथ थांबलं. दोन्हीकडची शिंगं जरा पुढे आली.

“करू की. तुझा निकाल रद्द करायचा, तर सगळ्यांच्या उत्तरपत्रिका काढाव्या लागतील. त्या आजवर कोणी नीट वाचलेल्या नाहीत. तुझ्या एकटीच्या प्रामाणिकपणापायी अख्खी तुकडी अडाणी ठरवायची? त्यांच्या आईबापांनी काय करायचं?”

“मग निदान माझं तेवढं खोडा. पहिली अर्धी पदवी ठेवा. ती मी खरोखर शिकले आहे. ऐनाच्या झाडाखाली बसून शिकले आहे.”

“कागद एकच असतो, बाळ,” कुलगुरू मायेने म्हणाले. “खालचं अर्धं फाडलं तर वरचं उरत नाही. विद्यापीठाची सही खाली असते.”

तिच्या डोळ्यांपुढे ते झाड आलं. मान मोडेस्तोवर केलेली आकडेमोड आली. ते सगळं खरं होतं, आणि आता ते खरं ठेवायचं तर खोट्याला हातात घ्यावं लागत होतं. नाही घेतलं तर खरंही जाणार. ही बाजू कुठल्याच पुस्तकात मांडलेली नव्हती.

तिने हात पुढे केला.

कुलगुरूंनी तिच्या गळ्यात पांगाऱ्याच्या फुलांची माळ घातली. काटे उभे असल्यामुळे ती वरच अडकून राहिली. माकडांनी टाळ्या वाजवल्या.

उत्तरतीरात बातमी तिच्या आधी पोचली होती. आणि तिथे हिशेबशास्त्र विभागाच्या दारात, नवं उपरणं घालून, कोण उभं होतं? उमाजी. तिसरं वर्ष त्याने पार केलं होतं. नमुना उत्तर त्याने आवळ्यांसकट पाठ केलं होतं. विभागाला प्रमुख नव्हता, आणि उमाजी रिकामाच होता. दोन रिकाम्या गोष्टी एकत्र आल्या की त्याला नेमणूक म्हणतात.

“ये, ये, बकुळे!” तो म्हणाला. “आमच्याकडे प्राध्यापकाची जागा आहे. तू पहिली आलेली. तुझ्याशिवाय कोण?”

“अरे, मी तुमच्याकडे पहिल्या वर्षात नापास आहे.”

“ते विद्यार्थिनी म्हणून. आपण आता प्राध्यापिका म्हणून बोलतोय. दोन वेगळी कार्यालयं आहेत.”

“आणि टिटवीबाई? त्यांना माझी अर्धी पदवी चालली नव्हती.”

टिटवीबाई तिथेच होत्या, पाय वर करून. “अर्ध्या पदवीची समकक्षता तपासावी लागते,” त्या म्हणाल्या. “पूर्ण पदवीची फक्त नक्कल जोडायची असते. अर्धं शिक्षण बघणं माझं काम. पूर्ण पदवीवर शंका घ्यायचा मला अधिकार नाही.”

बकुळा नाही म्हणणार होती. तिने तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात उमाजी म्हणाला, “प्राध्यापकांच्या घरच्यांना विद्यापीठाचा वैद्य बघतो. करकोचा आहे. डोळ्यांत त्याचा हात धरणारा जंगलात दुसरा नाही. बाहेरच्यांना तो बघत नाही.”

बकुळाने तोंड मिटलं.

करकोच्याने आईचे डोळे पाहिले. लांब चोचीने कसलासा रस थेंब थेंब घातला. “रोज घालायचा,” तो म्हणाला. “हळूहळू उजेड येईल. मधे थांबलात तर आहे तेही जाईल.”

बकुळा शिकवू लागली. सुरुवातीला तिने खरंच शिकवलं. पिल्लांना मोहफुलांचे ढीग करायला लावले, काढायला लावले, चूक शोधायला लावली. सशाच्या एका पिल्लाच्या दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा ते टुणकन उडालं, आणि बकुळाला वाटलं, जमेल. नदी ओलांडली ते फुकट गेलं नाही.

आठवडाभराने उमाजीने बोलावलं.

“पालकांच्या तक्रारी आहेत,” तो म्हणाला. “मुलं घरी जाऊन विचारतात, आवळे कुठून आले? मोर तर फार चिडलाय. त्याची सगळी पिसं त्या आवळ्यांवर उभी आहेत. बकुळे, तू हुशार आहेस. हुशारी घरी ठेवून येत जा. तुझी नोकरी अजून कायम व्हायचीय.”

कायम झाली नाही तर वैद्य नाही, हे तो बोलला नाही. कोल्हे शेवटचं वाक्य दुसऱ्याला बोलू देतात.

बकुळा नमुना उत्तर शिकवू लागली.

आता बाळांनो, एक गोष्ट तुम्ही विसरला असाल. विद्यापीठ विसरलं नव्हतं. बकुळाचं नाव पहिल्या वर्षाच्या पटावर अजून होतं. ते काढून टाकायला ती गेली, तेव्हा टिटवीबाई म्हणाल्या, “विद्यार्थिनीने स्वतः यावं लागतं. तू तर प्राध्यापिका आहेस.” त्यामुळे परीक्षेच्या दिवशी प्राध्यापिका बकुळाने प्रश्नपत्रिका वाटल्या, एक आपल्यासाठी ठेवली, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

प्रश्न तोच होता. पिल्लं माना खाली घालून आवळे लिहीत होती.

बकुळाने कोऱ्या कागदाकडे पाहिलं. शिकवताना आपण काहीही शिकवू, तिने ठरवलं, पण लिहिताना खोटं लिहायचं नाही. निदान या बाकावर नाही. तिने सावकाश मांडलं. जमा डावीकडे, त्यांच्या पद्धतीने. बेरीज मात्र बेरजेच्या पद्धतीने. खाली दोन्ही बाजू जुळल्या. आवळ्यांची गरज लागली नाही. किती दिवसांनी तिच्या पाठीवरचे काटे मऊ होऊन खाली बसले. तिला वाटलं, उठून ओरडावं. पण पर्यवेक्षिका तीच होती, आणि परीक्षेत आवाज करायला मनाई होती.

दुसऱ्या दिवशी ती पेपर तपासायला बसली.

सशाचं पिल्लू पास. मोराचा मुलगा पास. एकेकाचे आवळे मोजून ती गुण देत गेली. मग ढिगाच्या तळाशी तो पेपर आला. अक्षर तिचंच होतं. इतकी सुंदर मांडणी तिने या तीरावर आजवर पाहिली नव्हती. प्रत्येक ओळ खालच्या ओळीला हात देत उतरली होती.

दारातून उमाजी डोकावला. “झालं का? आज वर पाठवायचे आहेत. आणि हो, तुझ्या कायमपणाचा कागदही आजच जातोय.”

“एकाच पेपरचं राहिलंय,” बकुळा म्हणाली.

“नमुना उत्तराशी जुळतंय?”

“नाही.”

“मग अडलंय कुठे?”

तो निघून गेला. बकुळाने पेपर वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. कुठे एखादी चूक मिळते का ते पाहिलं. मिळाली असती तर फार बरं झालं असतं. मिळाली नाही.

तिने त्यावर मोठा भोपळा काढला आणि सही केली. सही विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे खाली केली.

घरी आली तेव्हा अनसूयाबाई बिळाच्या तोंडाशी उन्हात बसल्या होत्या. करकोच्याच्या रसाचा गुण येत होता. त्यांनी डोळे बारीक केले.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “आज दिसतेस की गं मला! नाक दिसतंय, डोळे दिसतायत.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण अशी काय दिसतेस?”

“काही नाही. एक मुलगी नापास झाली.”

“अभ्यास करत नव्हती?”

“करत होती.”

“मग?”

“तिचं उत्तर बरोबर आलं.”

अनसूयाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. कितीतरी दिवसांत त्यांनी इतकं नीट काही पाहिलं नव्हतं.

“आणि तिला नापास कोणी केलं गं?”

बकुळाने कोनाड्यातून औषधाचा द्रोण काढला.

“डोळे मिट, आई,” ती म्हणाली. “औषध घालायचंय.”

तात्पर्य : शिक्षण अर्ध्यावर असताना विद्यापीठ बदलू नये. बदलायचंच असेल तर आधी काही शिकू नये, म्हणजे वाटेत कोणी अडवत नाही. आणि चुकून काही शिकलेलं असलंच, तरी घाबरू नये. ते विसरण्याची सोय प्रत्येक चांगल्या विद्यापीठात असते, आणि त्यासाठी ना-हरकत लागत नाही.